आजोबांचा कीबोर्ड झोपेतून उठेना

दिवाळीला घरी आलं की पहिल्या दोन दिवसांत माझ्या हातात कामांची यादी पडते. आईचा मोबाइल फोटोंनी भरलेला असतो, बाबांच्या बँकेचं अॅप उघडत नसतं, शेजारच्या काकूंचा प्रिंटर रुसलेला असतो. कॉम्प्युटर शिकलेल्या प्रत्येक मुला-मुलीच्या नशिबी हे असतंच. आपल्या वाचकांपैकी बरेच जण आत्ता मान डोलावत असतील. गेल्या दिवाळीत मी पुण्याहून इंदूरला आले तेव्हाही यादी तयार होती. पण त्यात आजोबांचं एकही काम नव्हतं, आणि तेच मला खटकलं.

आमचे आजोबा चौऱ्याऐंशी वर्षांचे. निवृत्तीनंतर ते हट्टानं मराठी टायपिंग शिकले. गेली चार वर्षं ते रोज सकाळी पोहे खाऊन झाले की कॉम्प्युटरसमोर बसतात आणि आठवणी लिहितात. रामबागेतलं भाड्याचं घर, महूहून येणारी मीटरगेजची गाडी, घरी येणारे पाहुणे, त्यांच्या आईच्या हातची पुरणपोळी असं बरंच काही. छापायचं वगैरे काही नाही, नातवंडांना वाचायला म्हणून. एरवी मी आले की ते पहिल्याच दिवशी नवी पानं दाखवायचे. या वेळी कॉम्प्युटरवर कापड टाकलेलं होतं.

"आजोबा, लिहिणं बंद केलंत का?"

"अगं, ते यंत्र आता माझं ऐकत नाही," ते म्हणाले. "माझ्या आईवर दोन पानं लिहिली होती. तीन वेळा लिहिली, तिन्ही वेळा गेली. आता पुरे."

मी कापड काढलं, कॉम्प्युटर सुरू केला आणि म्हटलं, "तुम्ही रोज करता तसंच करा. मी नुसती बघते."

ते चार ओळी लिहून चहाला उठले. गप्पांमध्ये अर्धा तास गेला. परत आले तेव्हा पडदा काळा झालेला होता. त्यांनी स्पेसबार दाबला, काही नाही. एंटर दाबलं, काही नाही. माउस हलवला, तरी काही नाही. मग त्यांनी कॅबिनेटचं पॉवर बटण दाबलं आणि दिवा विझेपर्यंत दाबून धरलं. पुन्हा सुरू केलं. सगळं नव्यानं चालू झालं आणि चार ओळी गेल्या.

"हे बघ," ते म्हणाले. "नवा कीबोर्डसुद्धा आणून झाला. त्यानंही तेच."

पुढचे दोन तास आम्ही दोघं त्या कॉम्प्युटरपाशी होतो. त्यात जे सापडलं ते इथे सविस्तर लिहिते आहे, कारण हा आजार घरोघरी आहे आणि त्यावरचे बरेचसे उपाय फुकट आहेत.

झोप म्हणजे बंद नव्हे

कॉम्प्युटर काही वेळ वापरला नाही की तो 'स्लीप' अवस्थेत जातो. या झोपेत प्रोसेसर, पंखा, डिस्क, पडदा हे सगळं थांबतं. पण रॅमला, म्हणजे आपलं उघडं काम जिथे धरून ठेवलेलं असतं त्या स्मृतीला, थोडी वीज मिळत राहते. म्हणून झोपलेला कॉम्प्युटर उठला की लिहिलेली ओळ जागच्या जागी सापडते. यापेक्षा खोल झोप म्हणजे 'हायबरनेट'. त्यात रॅममधलं सगळं डिस्कवर उतरवून मशीन जवळजवळ पूर्ण बंद होतं.

म्हणजे आजोबांचा पडदा काळा झाला होता तेव्हा त्यांच्या आईवरची ती दोन पानं गेलेली नव्हती. ती रॅममध्ये सुखरूप होती. ती घालवली शेवटच्या लांब दाबण्यानं.

पॉवर बटणाचे दोन अर्थ असतात, हे आपण घरात कुणाला सांगतच नाही. झोपलेल्या कॉम्प्युटरचं बटण हलकेच एकदा दाबून सोडलं, तर तो उठतो. तेच बटण चार-पाच सेकंद दाबून धरलं, तर वीज तोडली जाते. अडकलेलं मशीन शेवटचा उपाय म्हणून बंद करता यावं यासाठी ती सोय आहे. सेव्ह न केलेलं काम त्यात जातं आणि कधी कधी डिस्कवरच्या फाइलीही बिघडतात.

मी आजोबांना पुन्हा चार ओळी लिहायला लावल्या आणि कॉम्प्युटर मुद्दाम झोपवला. मग म्हटलं, "आता बटणाला टिचकी मारल्यासारखं करा. दाबून धरू नका." त्यांनी केलं. तीन सेकंदांत पडदा उजळला आणि चारही ओळी समोर होत्या. ते काही बोलले नाहीत, पण खुर्ची पुढे ओढून नीट बसले.

आपल्या घरांतली आणखी एक सवय इथेच सांगते. रात्री झोपताना आपण भिंतीवरच्या बोर्डाची सगळी बटणं बंद करतो. डेस्कटॉप झोपलेला असताना ते बटण बंद केलं, तर रॅमची वीजही जाते. विंडोजमध्ये 'हायब्रिड स्लीप' चालू असेल तर रॅमची प्रत डिस्कवर ठेवलेली असते आणि काम वाचतं. चालू नसेल तर जातं. बोर्ड बंद करायचाच असेल तर आधी काम सेव्ह करून कॉम्प्युटर रीतसर 'शट डाउन' करावा.

कीबोर्ड स्वतःहून बोलत नाही

आता मूळ प्रश्न. स्पेसबार दाबल्यावर कॉम्प्युटर उठायला हवा होता, तो का उठला नाही? हे समजायला यूएसबीची थोडी ओळख हवी.

पूर्वी कीबोर्डला, माउसला आणि प्रिंटरला वेगवेगळ्या आकाराची भोकं असायची. ती भानगड संपवून सगळ्यांसाठी एकच जोडणी आणायची हे काम १९९०च्या दशकात इंटेल, मायक्रोसॉफ्ट, आयबीएम, कॉम्पॅक अशा सात कंपन्यांनी मिळून केलं आणि जानेवारी १९९६मध्ये यूएसबीची पहिली आवृत्ती आली. इंटेलमध्ये या कामाचं नेतृत्व अजय भट्ट यांच्याकडे होतं. ते बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. मुलीच्या शाळेचं काम छापताना घरच्या प्रिंटरशी होणारी झटापट बघून ही गरज जाणवली, असं ते सांगत आले आहेत. २०१३ साली त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना युरोपियन इन्व्हेंटर अॅवॉर्ड मिळालं. म्हणजे घरातल्या माणसाला यंत्र जोडता येईना, यातूनच ही वस्तू निघाली आहे.

यूएसबीत कीबोर्ड स्वतःहून बोलत नाही. कॉम्प्युटर त्याला सतत विचारत असतो, "काही दाबलं गेलं का?" साध्या कीबोर्डला हा प्रश्न सेकंदाला साधारण १२५ वेळा विचारला जातो. कॉम्प्युटर झोपला की प्रश्न थांबतात. तारेवर ३ मिलिसेकंद पूर्ण शांतता झाली की कीबोर्डनंही झोपायचं, असा नियम आहे. जागेपणी असा कीबोर्ड १०० मिलिअँपिअरपर्यंत वीज घेऊ शकतो. झोपेत त्याला फार तर २.५ मिलिअँपिअर घेता येते.

या झोपेत एकच अपवाद ठेवला आहे. कीबोर्डचं बटण दाबलं गेलं तर त्याला तारेवर 'ऊठ' असा छोटा इशारा देता येतो. तो १ ते १५ मिलिसेकंदांचा असतो. मात्र त्यासाठी झोपण्यापूर्वी कॉम्प्युटरनं कीबोर्डला तशी परवानगी दिलेली असावी लागते. परवानगी नसेल तर कीबोर्ड गप्प बसतो, मग तुम्ही त्यावर तबला वाजवा.

इशारा दिल्यावरही तो वर पोचावा लागतो. आधी कीबोर्ड, मग मध्ये हब असेल तर हब, मग मदरबोर्डवरचा पोर्ट, मग बायोसची सेटिंग आणि शेवटी विंडोज किंवा लिनक्स, अशी ही साखळी आहे. पोर्टला झोपेतही वीज मिळावी लागते. डेस्कटॉपच्या पॉवर सप्लायमध्ये यासाठी पाच व्होल्टची एक वेगळी जांभळी तार असते. ती मशीन बंद असतानाही जिवंत राहते.

या साखळीतली कुठलीही एक कडी तुटली तरी बाहेरून दिसणारं लक्षण एकच: कीबोर्ड उठवत नाही. म्हणून आपण थेट कीबोर्डला दोष देतो आणि नवा आणतो. आमच्या घरी तेच झालं होतं.

एका वेळी एकच बदल

तपासणीचा नियम मी आजोबांना सांगितला: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, कॉम्प्युटर झोपवायचा, एक मिनिट थांबायचं आणि मग बटण दाबून बघायचं. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशानं फरक पडला ते कळत नाही. त्यांनी लगेच वही घेतली आणि रकाने आखले. शिक्षकाची सवय.

नवा कीबोर्ड टेबलावरच्या एका छोट्या हबला लावलेला होता. आजोबांना वाकून कॅबिनेटच्या मागे हात घालता येत नाही, म्हणून कुणीतरी हा हब पुढे आणून ठेवला होता. त्याला स्वतःचा अॅडॉप्टर नव्हता. आधी मी कीबोर्ड हबमधून काढून थेट कॅबिनेटच्या मागच्या पोर्टला लावला. झोपवला, थांबलो, स्पेसबार दाबला. कॉम्प्युटर उठला. म्हणजे नवा कीबोर्ड चांगला होता, त्याचा इशारा त्या हबपाशी अडत होता.

मग जुना कीबोर्ड हा कसा बाद झाला? तो तर आधीपासून मागच्या पोर्टलाच होता. आजोबांना तोच हवा होता, कारण त्याच्या बटणांवर त्यांनी स्वतः देवनागरी अक्षरांचे स्टिकर चिकटवले होते. तो जुन्या जागी लावला. टाइप होत होतं, पण झोपेतून उठवत नव्हता. मी विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन पाहिलं, तर या कीबोर्डची 'कॉम्प्युटरला उठवू द्या' ही टिक काढलेली होती. माउसचीही.

"ही कुणी काढली?"

बाबांना आठवलं. दोन वर्षांपूर्वी मध्यरात्री पडदा आपोआप उजळायचा. तपास केला तेव्हा कळलं की शेजारचं मांजर खिडकीतून येऊन कीबोर्डवरून फिरतं. तेव्हा दुरुस्तीला आलेल्या मुलानं कॉम्प्युटर उठू नये म्हणून ही सोय बंद केली होती. त्यानं केलं ते त्या वेळी बरोबरच होतं. पुढे खिडकीला जाळी लागली, मांजराचं येणं थांबलं, पण टिक परत करायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

म्हणजे बिघाड दोन होते: जुन्या कीबोर्डला परवानगी नव्हती आणि नव्याची वाट हबनं अडवली होती. लक्षण एकच असल्यामुळे घरात सगळ्यांना वाटलं की कॉम्प्युटरच म्हातारा झाला. टिक परत केली आणि जुना कीबोर्ड पहिल्याच फटक्यात उठवू लागला.

घरी तपासायचा क्रम

तुमच्याकडे असं होत असेल तर या क्रमानं जा. सोप्यापासून अवघडाकडे असा हा क्रम आहे.

एक, कीबोर्ड हबमधून काढून थेट कॉम्प्युटरला लावा. डेस्कटॉप असेल तर पुढच्यापेक्षा मागचे पोर्ट चांगले, कारण ते थेट मदरबोर्डवर असतात. निळ्या पोर्टला लावला असेल तर काळ्या पोर्टला लावून बघा. निळे पोर्ट सहसा यूएसबी ३चे असतात आणि काही मदरबोर्ड ठरावीक पोर्टांवरूनच उठतात. हब हवाच असेल तर स्वतःचा अॅडॉप्टर असलेला घ्या.

दोन, परवानगी बघा. विंडोजच्या स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा. 'कीबोर्ड्स'मध्ये आपला कीबोर्ड, मग प्रॉपर्टीज, मग पॉवर मॅनेजमेंट. तिथे 'हे उपकरण कॉम्प्युटरला उठवू शकेल' अशा अर्थाची इंग्रजी ओळ असते. तिच्यापुढे टिक हवी. एकाच कीबोर्डच्या दोन-तीन नोंदी दिसल्या तर गोंधळू नका. कीबोर्डची तार काढली की ज्या नोंदी गायब होतात त्या त्याच्या. काही नव्या लॅपटॉपांत झोपेची पद्धतच वेगळी असते आणि त्यांत ही टिक दिसत नाही. तेव्हा पुढच्या पायरीवर जा.

तीन, बायोस बघा. कॉम्प्युटर सुरू होताना डिलीट किंवा एफ-टू दाबून (मशीननुसार बटण बदलतं) बायोसमध्ये जाता येतं. पॉवरच्या पानावर 'यूएसबी वेक' अशा नावाची सेटिंग असेल तर ती चालू हवी. कीबोर्डवरून बंद मशीन सुरू होत नाही अशी तक्रार असेल तर 'ईआरपी' नावाची सेटिंग बघा. युरोपीय महासंघानं बंद उपकरणांच्या वीजवापरावर मर्यादा घातली आणि २०१३पासून ती अर्ध्या वॉटवर आणली. ती पाळायची म्हणून ही सेटिंग बंद मशीनमधल्या पोर्टांची वीज तोडते. ती चालू असेल तर कीबोर्डला वीजच मिळत नाही. बायोसमध्ये काहीही बदलण्यापूर्वी त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. चुकलं तर परत येता येतं.

चार, बिनतारी कीबोर्ड असेल तर आधी त्याची बॅटरी बघा. वीज वाचवायला असा कीबोर्ड स्वतःही झोपतो. पहिला दाब त्याला उठवण्यात जातो आणि दुसरा कॉम्प्युटरला, म्हणून दोन-तीनदा दाबून बघा. छोट्या यूएसबी रिसीव्हरवर चालणारे कीबोर्ड सहसा उठवतात, कारण रिसीव्हर यूएसबीलाच असतो. ब्लूटूथचे कीबोर्ड अनेक मशीनना उठवू शकत नाहीत, कारण झोपेत ब्लूटूथच बंद होतं. तिथे दोष कुणाचाच नाही. पॉवर बटणाला टिचकी मारायची, इतकंच.

लिनक्स वापरणाऱ्या तरुण मंडळींसाठी एक ओळ जास्त. 'सिस' फोल्डरमध्ये बस, यूएसबी, डिव्हाइसेस असं आत गेलं की प्रत्येक उपकरणाच्या 'पॉवर' फोल्डरमध्ये 'वेकअप' नावाची छोटी फाइल असते. तिच्यात 'इनेबल्ड' असेल तर परवानगी आहे. कीबोर्डला ती लिनक्स बहुधा आपणहून देतो, माउसला सहसा देत नाही. हातानं केलेला बदल पुन्हा सुरू केल्यावर पुसला जातो. तो कायम ठेवायला युडेवचा नियम लिहावा लागतो.

कॉम्प्युटर जागा, कीबोर्ड मात्र मुका

याच्या उलटही होतं. कॉम्प्युटर बटणानं उठतो, पासवर्डचा चौकोन समोर येतो, पण कीबोर्ड काही उमटवत नाही. इथेही घाईनं पॉवर बटण दाबून धरायचं नाही. आधी दहा सेकंद थांबा. उठल्यावर कॉम्प्युटर सगळ्या उपकरणांची पुन्हा हजेरी घेतो, त्याला थोडा वेळ लागतो.

मग कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर कीबोर्ड आणि कॉम्प्युटर यांचं बोलणं चालू आहे, दोष पुढे कुठेतरी आहे. दिवा हलतच नसेल तर जोडणी बसली आहे. तार काढून दुसऱ्या पोर्टला लावा. बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं.

नाहीच भागलं तर माउस आहे. विंडोजच्या लॉगिन पडद्यावर खाली उजव्या कोपऱ्यात अॅक्सेसिबिलिटीचं चिन्ह असतं. त्यातून पडद्यावरचा कीबोर्ड उघडतो आणि माउसनं एकेक अक्षर टिपून पासवर्ड भरता येतो. आत गेलं की पहिलं काम सेव्ह करायचं, मग हवं तर रीस्टार्ट करायचं. ही एक युक्ती घरातल्या प्रत्येकाला दाखवून ठेवा. आजोबांना मी ती दोनदा करून दाखवली आणि तिसऱ्यांदा त्यांच्याकडून करून घेतली.

हे वारंवार होत असेल तर वीजबचतीच्या दोन सेटिंग बदलून बघा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'यूएसबी रूट हब'च्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये 'वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या' या अर्थाची टिक असते, ती काढा. आणि कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समधली 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' ही सोय बंद करा. काही उपकरणं या बचतीच्या झोपेतून नीट उठत नाहीत. लॅपटॉपवर यानं बॅटरीला किंचित फटका बसतो, डेस्कटॉपवर काही जाणवत नाही. त्यानंही भागलं नाही तर मदरबोर्ड किंवा लॅपटॉप बनवणाऱ्याच्या संकेतस्थळावरून चिपसेटचा ड्रायव्हर ताजा करा. नवा कीबोर्ड घ्यायचा तो या सगळ्यानंतर. तोसुद्धा जुना कीबोर्ड दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावून बघितल्यावर.

मराठी टाइप करणाऱ्यांचा खास घोटाळा

आमचं काम संपलं असं वाटलं तेवढ्यात आजोबांचा पासवर्ड घेतला जाईना. कॅप्स लॉकचा दिवा लागत होता, ठिपकेही उमटत होते, पण दरवेळी "पासवर्ड चुकीचा". ते म्हणाले, "हेही होतं अधूनमधून. मग मी बंद करून चालू करतो."

इथे कीबोर्ड जागा होता, पण मराठीत बोलत होता. आजोबा इनस्क्रिप्ट मांडणीनं टाइप करतात. ही मांडणी सरकारी मानक आहे, १९९१च्या भारतीय मानकात तिचा समावेश झाला. तिच्यात इंग्रजी 'एच'च्या बटणावर 'प' असतो, 'जे'वर 'र', 'एल'वर 'त'. झोपण्यापूर्वी मराठी मांडणी चालू असेल तर कधी कधी लॉगिनच्या पडद्यावरही तीच राहते. पासवर्ड इंग्रजी, उमटतात देवनागरी अक्षरं, आणि दिसतात नुसते ठिपके. चूक कळणार कशी?

उपाय सोपा आहे. लॉगिनच्या पडद्यावर कोपऱ्यात भाषेचं चिन्ह दिसतं, ते इंग्रजी आहे ना ते बघा. नसेल तर विंडोजचं बटण धरून स्पेसबार दाबला की मांडणी बदलते. पासवर्डऐवजी आकड्यांचा पिन असेल आणि तुम्ही तो उजवीकडच्या आकड्यांच्या पट्टीवरून भरत असाल, तर नम लॉक बघा. उठल्यावर तो कधी कधी बंद झालेला असतो आणि मग आकडे उमटतच नाहीत. ज्या घरांत मराठीत लिहिलं जातं, तिथे "कीबोर्ड मेला" या तक्रारीमागे हे कारण असण्याची शक्यता मोठी आहे, आणि परभाषेतल्या मदतीच्या पानांवर ते सहसा सापडत नाही.

फोनवर जमत नाही ते

मला एका गोष्टीचं वाईट वाटलं. गेल्या सहा महिन्यांत आजोबांनी दोनदा मला फोनवर सांगितलं होतं की कॉम्प्युटर उठत नाही. ऑफिसच्या गडबडीत मी म्हटलं होतं, "बंद करून चालू करा ना." त्यांनी माझं ऐकलं, आणि दोन्ही वेळा त्यांची पानं गेली.

आपण बाहेरगावी राहणारी मुलं हेच करतो. आपल्या दृष्टीनं ते दोन सेकंदांचं उत्तर असतं. पलीकडच्या माणसाचं मात्र सकाळभराचं काम त्यात जातं. लांबून मदत करायची असेल तर व्हिडिओ कॉल लावा, फोन कॅबिनेटकडे वळवायला सांगा, आणि पहिला प्रश्न एवढाच विचारा: "काही लिहीत होतात का? सेव्ह केलंय का?" पुढचं सगळं नंतर.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या वर्डमध्ये आपोआप सेव्ह होण्याची वेळ दहा मिनिटांवरून दोन मिनिटांवर आणली. झोपेची वेळ अर्ध्या तासावरून दोन तासांवर नेली. चहा आणि गप्पा आता त्यात आरामात बसतात. कॅबिनेटवर एक चिठ्ठी चिकटवली. मजकूर माझा, अक्षर आजोबांचं, कारण माझं अक्षर कुणालाच लागत नाही:

१. पडदा काळा म्हणजे झोप. काम गेलेलं नाही.
२. स्पेसबार. नाही तर पॉवर बटणाला टिचकी. दाबून धरायचं नाही.
३. पासवर्ड घेत नसेल तर भाषा बघा.
४. कीबोर्ड मुका असेल तर तार काढून दुसरीकडे लावा.
५. तरीही नाही, तर नातीला फोन. ती "बंद करून चालू करा" म्हणाली तर ऐकू नका.

पाचवा मुद्दा त्यांनी स्वतःहून घातला.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी पुण्याला निघाले. महिनाभरानं त्यांचा मेल आला, सोबत एक फाइल. आईवरची दोन पानं त्यांनी चौथ्यांदा लिहिली होती, आणि ती आता पाच झाली होती. मेलमध्ये एकच ओळ होती: "मध्ये दोनदा झोपला, दोनदा उठवला."